आबांच्या सात गोळ्या आणि खलबत्ता

सेलू तालुक्यातल्या एका दादांनी विचारलं आहे. त्यांच्या वडिलांना, म्हणजे आबांना, गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. वय ७४. हातपाय बऱ्यापैकी सुधारले, पण गोळी गिळताना ठसका लागतो, कधी गोळी गालातच राहते. रोजच्या गोळ्या सात: शुगरची मेटफॉर्मिन एसआर, बीपीची ॲम्लोडिपिन, रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन ७५, कोलेस्टेरॉलची ॲटोरव्हास्टॅटिन, ॲसिडिटीची पॅन्टोप्रॅझोल, झटक्यानंतर फिट येऊ लागल्या म्हणून सोडियम व्हॅल्प्रोएट सीआर, आणि प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन-ड्युटास्टेराइड. वहिनी रविवारी आठवड्याच्या सगळ्या गोळ्या एकत्र खलबत्त्यात कुटतात, सात पुड्या बांधतात आणि रोज सकाळी एक पुडी ताकात कालवून आबांना देतात. दादांचा प्रश्न असा: "औषध तेच, पोटही तेच, मग फरक काय पडतो? आणि शेजारचे म्हणतात, एवढा कुटाणा करण्यापेक्षा महिन्यातून दोन सलाईन लावा, सुया द्या अन् मोकळे व्हा. काय करावं?"

दादा, तुमच्या घरात आबांसाठी जो खटाटोप चालला आहे तो मनापासून आहे, हे तुमच्या प्रश्नातूनच कळतं. पण ही पुडी उद्यापासून बंद करावी लागेल. का, ते सविस्तर सांगते. मी आधी फार्मसी कॉलेजात शिकवत होते आणि आता बरीच वर्षं लातूरला एका रुग्णालयाच्या औषधालयात आहे. कुटलेल्या गोळ्यांच्या पुड्या घेऊन येणारी माणसं आमच्या खिडकीशी नेहमी येतात, त्यामुळे हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही.

पहिली गोष्ट गोळ्यांची नाही, गिळण्याची आहे. अर्धांगवायूनंतर घशाच्या स्नायूंचा ताळमेळ बिघडतो. घास किंवा पाणी अन्ननलिकेत जायच्या ऐवजी थोडं श्वासनलिकेत उतरतं, म्हणून ठसका लागतो. हे वारंवार झालं तर फुप्फुसात जंतुसंसर्ग होतो, आणि झटका येऊन गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला तो न्यूमोनिया फार महागात पडतो. जेवताना खोकला, जेवल्यावर घशात पाणी भरल्यासारखा ओला आवाज, अधूनमधून विनाकारण ताप, यातलं काही आबांना होत असेल तर गोळी कुटण्याआधी डॉक्टरांना दाखवा आणि गिळण्याची तपासणी करा असं स्पष्ट म्हणा. ही तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात. त्यांचं काम बोलण्यापुरतंच असतं असा समज आहे, पण गिळणं हाही त्यांचाच विषय आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा.

आणखी एक लक्षात घ्या. अशा रुग्णांना पाण्याचा, ताकाचा, चहाचा ठसका जास्त लागतो, कारण पातळ पदार्थ घशातून फार वेगाने निसटतो आणि स्नायूंना तेवढा वेळ मिळत नाही. दाट पदार्थ सावकाश उतरतो. म्हणजे गोळी कुटून पातळ ताकात देणं ही कदाचित आबांसाठी जास्त अवघड वाट आहे. मी कितीतरी घरांत पाहिलं आहे, पाण्यासोबत गोळी गिळताना ज्यांचा जीव कासावीस होतो, तेच आजोबा चमचाभर घट्ट दह्यात किंवा दाट आंबिलीत बुडवलेली अख्खी गोळी सहज गिळतात. एका वेळी एकच गोळी, माणूस ताठ बसलेला, आणि नंतर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही. आबांना हे जमेल का, ते त्यांच्या घशावर अवलंबून आहे आणि तपासणाऱ्यानेच सांगायला हवं. पण जमलं तर सातपैकी एकही गोळी कुटावी लागणार नाही.

पुढे जे सांगते त्याला काही मर्यादा आहेत. मी तुमच्या स्ट्रिपा पाहिलेल्या नाहीत. आबांची किडनी कशी आहे, शुगर-बीपीचे आकडे काय आहेत, फिट शेवटची कधी आली, मला माहीत नाही. म्हणून कुठली गोळी बदलून काय द्यायचं हा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. मी कारणं सांगू शकते, म्हणजे त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं ते तुम्हाला कळेल.

"औषध तेच" हे तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. टॅमसुलोसिनच्या एका मात्रेत औषध असतं ०.४ मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीत दिसणारही नाही इतकं. उरलेली सगळी गोळी म्हणजे लॅक्टोज, स्टार्च, सेल्युलोज, गोळी बांधून ठेवणारा पदार्थ, पोटात ती फुटावी म्हणून घातलेला पदार्थ, यंत्राला चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट आणि वरचं कोटिंग. याला लोक भर समजतात. पण औषध कुठे सुटणार, किती वेळात सुटणार आणि रक्तात किती चढणार हे ही भरच ठरवते. १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फिटच्या फेनिटॉइन या औषधाच्या कॅप्सूलमध्ये कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज भरायला सुरुवात झाली. औषध तेच, मिलिग्रॅम तेच. तरी रुग्णांच्या रक्तातलं औषध वाढलं, चालताना तोल जाऊ लागला, विषबाधेची लक्षणं दिसू लागली. नुसती भर बदलल्याने एवढं झालं, तर गोळीची सगळी बांधणीच मोडल्यावर काय होईल याचा अंदाज करा.

गोळ्या ढोबळमानाने तीन तऱ्हेच्या असतात. साध्या गोळ्या पोटात गेल्या की फुटतात. बिनाकोटिंगच्या गोळीने १५ मिनिटांत फुटायला हवं असा औषधकोशाचा, म्हणजे औषधांचा दर्जा ठरवणाऱ्या अधिकृत ग्रंथाचा, नियम आहे. दुसरी तऱ्हा आतड्यात फुटणाऱ्या गोळ्यांची. तिसरी हळूहळू सुटणाऱ्या गोळ्यांची, ज्यांच्या नावापुढे एसआर, सीआर असं लिहिलेलं असतं. कुटायला चालतात त्या बहुतेक पहिल्या तऱ्हेच्या. नुकसान होतं ते दुसऱ्या-तिसऱ्यांचं, आणि आबांच्या सातात त्याच जास्त आहेत.

आतड्यात फुटणारी गोळी कशी चालते हे मी विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत दाखवत असे. सहा काचेच्या नळ्यांची एक जाळी असते, खाली गाळणी. प्रत्येक नळीत एक गोळी टाकायची आणि ती जाळी ३७ अंशांच्या द्रावात, म्हणजे शरीराच्या उबेत, मिनिटाला तीसेक वेळा खालीवर होत राहते. आधी द्राव जठरासारखा आम्लाचा. त्यात ही गोळी दोन तास जशीच्या तशी राहायला हवी. साधी चीरही चालत नाही. मग आम्ल काढून आतड्यासारखा, पीएच ६.८ चा द्राव घालायचा (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जेवढा मोठा तेवढा आंबटपणा कमी). थोड्याच वेळात कोटिंग मऊ पडतं, गोळी फुगते, कडेला फाटते आणि तासाभराच्या आत नळी रिकामी होते. हे कोटिंग अशा पदार्थाचं असतं की आम्लात ते विरघळतच नाही. पीएच साधारण ५.५ च्या वर गेला की सुटायला लागतं. जठर आणि आतडं यांच्यातला फरक गोळीला असा ओळखता येतो.

आबांची पॅन्टोप्रॅझोल या तऱ्हेची आहे. ॲसिड कमी करणारं हे औषध स्वतः ॲसिडमध्ये टिकत नाही. आतड्यात सुटून रक्तात जायचं आणि रक्तावाटे जठराच्या पेशींपर्यंत पोहोचायचं असा त्याचा मार्ग आहे. कुटून ताकात घातलं की ताकाच्या आंबटपणातच ते नासायला लागतं, उरलेलं जठरात नासतं. म्हणजे आबांना पॅन्टोप्रॅझोल मिळतच नाही, असं धरून चाला. ॲस्पिरिन ७५ च्या कोटिंगचं कारण वेगळं. तिथे औषध जपायचं नसून जठराचं अस्तर जपायचं असतं. कुटलेली ॲस्पिरिन काम करते, पण थेट जठराला लागते. आता दोन्ही एकत्र बघा: ॲस्पिरिनचं कोटिंग गेलं, आणि जठराला सांभाळणारी पॅन्टोप्रॅझोलही निकामी झाली. आबांना काळ्या डांबरासारखी शौचास झाली, तर ती आतल्या रक्तस्रावाची खूण समजा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हळूहळू सुटणाऱ्या गोळ्यांवर जरा जास्त थांबते, कारण खरा धोका तिथे आहे.

औषधाचा परिणाम रक्तातल्या त्याच्या पातळीवर ठरतो. पातळी फार खाली गेली तर उपयोग नाही, फार वर गेली तर त्रास. मधला एक पट्टा असतो, त्यात दिवसभर राहायचं. काही औषधं मुळातच शरीरात खूप वेळ टिकतात. ॲम्लोडिपिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला ३० ते ५० तास लागतात, म्हणून दिवसाला एक साधी गोळी पुरते. मेटफॉर्मिन आणि व्हॅल्प्रोएट त्या मानाने लवकर उतरतात. साध्या स्वरूपात दिली तर दिवसातून दोन-तीनदा द्यावी लागतात. मग गोळीच अशी बांधायची की औषध आठ, बारा, चोवीस तास थोडं थोडं सुटत राहील. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावायची गरज नाही: ठिबकची नळी मध्येच कापली तर दिवसभराचं पाणी एकाच जागी सांडतं आणि बाकीचं शेत संध्याकाळपर्यंत कोरडं राहतं. एसआर, सीआर गोळी कुटणं म्हणजे ती नळी कापणं.

खात्री करायची असेल तर मेटफॉर्मिन एसआरची एक गोळी रात्री ग्लासभर पाण्यात टाकून ठेवा. सकाळी बहुतेक वेळा तिचा बुळबुळीत, जेलीसारखा गोळा झालेला दिसेल. गोळीतला सेल्युलोजचा एक प्रकार पाणी पिऊन फुगतो आणि औषध त्या जेलीतून झिरपत बाहेर येतं. काही जणांना शौचात असा मऊ गोळा दिसतो आणि "गोळी पचलीच नाही" म्हणून ते घाबरतात. घाबरायचं कारण नाही, औषध तोवर निघून गेलेलं असतं. पडतो तो रिकामा सांगाडा. कुटल्यावर ही जेली नीट बनतच नाही.

मेटफॉर्मिनच्या बाबतीत कुटण्याचं नुकसान त्यातल्या त्यात कमी: मळमळ, जुलाब, आणि पुढच्या वेळेपर्यंत शुगर वर जाणं. उपायही सोपा आहे. साधी मेटफॉर्मिन मिळते, ती कुटता येते, पण दिवसातून विभागून द्यावी लागते. चव फार कडू असते एवढंच.

व्हॅल्प्रोएटचं तसं नाही. फिट आवरायला रक्तात या औषधाचं प्रमाण साधारणपणे मिलिलिटरला ५० ते १०० मायक्रोग्रॅम असावं लागतं. सीआर गोळी कुटून सकाळी दिली की दोन-तीन तासांत पातळी उसळते. आबा झोपाळल्यासारखे होतात, हात थरथरतात, तोल जातो, आणि घरचे म्हणतात वयामुळे होतंय. मग पातळी उतरत जाते आणि पहाटेच्या सुमारास सगळ्यात खाली असते. आबांना फिट पहाटे किंवा पुडी द्यायच्या आधी येते का, हे आठवून बघा आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा. गोळीचं काम होत नाही असं वाटून डोस वाढवला जातो, आणि मूळ कारण खलबत्त्यात असतं. या औषधाचं सिरप मिळतं, बहुधा ५ मिलीत २०० मिलिग्रॅम. पण सीआर गोळीच्या जागी सिरप देताना वेळा वाढतात, तेव्हा हा हिशेब घरी मांडू नका. शिवाय सिरप पातळ असतं, त्याचाही ठसका लागू शकतो. दुसरं एखादं फिटचं औषध आबांना जास्त सोयीचं पडेल का, हेही डॉक्टरांना विचारता येईल. लेव्हेटिरासिटॅमचं द्रावण सहज मिळतं. फिटच्या औषधाची कंपनीसुद्धा विचारल्याशिवाय बदलू नये. कारण वर सांगितलेला ऑस्ट्रेलियातला प्रकार.

टॅमसुलोसिन रक्तवाहिन्याही सैल करतं. हळूहळू सुटतं तेव्हा शरीर सांभाळून घेतं; एकदम सुटलं तर उभं राहताना बीपी पडतं. आबा लघवीला म्हणून उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडले, तर या वयात खुब्याचं हाड मोडायला वेळ लागत नाही. याच गटातलं सायलोडोसिन साध्या कॅप्सूलमध्ये येतं. ती उघडून पावडर मऊ अन्नावर टाकून लगेच देता येते. आबांच्या किडनीला आणि बीपीला ते चालेल का, हे डॉक्टर ठरवतील.

त्या गोळीतला दुसरा भाग, ड्युटास्टेराइड. इथे मला आबांपेक्षा वहिनींची काळजी वाटते. हे औषध कातडीतून शरीरात शिरतं आणि पोटात मुलगा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत बिघाड करू शकतं. गरोदर बाईने किंवा दिवस जाण्याची शक्यता असलेल्या बाईने या गोळीच्या भुकटीला हात लावू नये. तुमच्या वहिनींचं वय मला माहीत नाही, पण घरात सून, लेक, कामाला येणारी बाई, कुणीही असेल. शिवाय त्याच खलबत्त्यात उद्या लसूण कुटली जाणार. औषधाचा खलबत्ता घरात वेगळा हवा, आणि ही गोळी त्यात कधीच जाता कामा नये.

राहिल्या ॲम्लोडिपिन आणि ॲटोरव्हास्टॅटिन. या दोन्ही साध्या आहेत. कुटून दिल्या तरी चालतात, फक्त कुटल्या कुटल्या द्यायच्या.

आता पुड्यांबद्दल. आठवड्याच्या गोळ्या एकत्र कुटून सात वाटे केले तरी प्रत्येक वाट्यात प्रत्येक औषध सारखं येत नाही. ०.४ मिलिग्रॅम औषध एवढ्या भुकटीत डोळ्यांनी कसं वाटणार? सोमवारच्या पुडीत दीडपट गेलं आणि गुरुवारी नावालाच राहिलं, तर कळायचा काही मार्ग नाही. थोडं खलबत्त्याच्या तळाला चिकटतं ते वेगळंच. दुसरं म्हणजे सोडियम व्हॅल्प्रोएट हवेतला ओलावा फार ओढतं. त्याची उघडी भुकटी बघता बघता ओलसर होते. ॲस्पिरिनला ओलावा चालत नाही, ती फुटून सॅलिसिलिक आम्ल आणि व्हिनेगरचं आम्ल तयार होतं. शनिवारची पुडी उघडून वास घेतलात तर कदाचित आंबूस वास येईल. तो वास आला म्हणजे ॲस्पिरिन गेली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ च्या घरात आणि पाठोपाठ जूनची दमट हवा. अशा हवेत औषध स्ट्रिपमधून काढायचंच घ्यायच्या वेळी. टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्या तर अख्ख्या असल्या तरी बाहेर काढून डबीत ठेवू नयेत, त्याही ओलावा धरतात.

ज्या गोळ्या कुटायची परवानगी डॉक्टर किंवा फार्मासिस्ट देतील, त्या अशा द्या. एका वेळी एकच औषध. दोन चमच्यांच्या मध्ये दाबून किंवा वेगळ्या खलात बारीक करा. एक-दोन चमचे दाट पदार्थात मिसळा आणि लगेच द्या. वाटीभर वरणभातात मिसळलं आणि आबांनी अर्धंच खाल्लं तर किती औषध गेलं ते सांगता येत नाही. पुढे कधी नाकातून नळी टाकायची वेळ आली तरी एकेक औषध वेगळं द्यायचं आणि मध्ये पाणी सोडून नळी धुवायची, नाहीतर ती तुंबते. काही ॲसिडिटीच्या कॅप्सूल असतात, आत साबुदाण्याहून बारीक कोटिंगचे दाणे. त्या उघडून दाणे दह्यासारख्या आंबट, मऊ पदार्थात देता येतात, पण दाणे चावायचे नाहीत आणि दुधात घालायचे नाहीत. दुधाचा पीएच साडेसहाच्या आसपास असतो, त्यात कोटिंग बाहेरच सुटायला लागतं.

कुठली गोळी कुठल्या तऱ्हेची हे स्ट्रिपवरच असतं, पण ब्रँडच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात. नावापुढे एसआर, सीआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, पीआर, एमआर असं काही असेल तर कुटायची नाही. डीएसआर असेल तरीही नाही. पण नुसत्या या अक्षरांवर विसंबू नका. ॲस्पिरिन ७५ च्या ब्रँडवर बऱ्याचदा अशी खूणच नसते. म्हणून मूळ औषधाच्या नावाची ओळ वाचा. तिथे "गॅस्ट्रो-रेझिस्टंट", "एन्टेरिक कोटेड", "प्रोलॉन्ग्ड रिलीज", "सस्टेन्ड रिलीज", "मॉडिफाइड रिलीज" यातलं काही लिहिलं असेल तर खलबत्ता बाजूला ठेवा. डीटी म्हणजे पाण्यात विरघळवून द्यायची गोळी. मधली खाच पाहून फसू नका. मेटोप्रोलॉलच्या काही एक्सएल गोळ्या खाचेवर अर्ध्या करता येतात, पण कुटता किंवा चावता येत नाहीत. बारीक अक्षरं वाचता येत नसतील तर मेडिकलवर स्ट्रिप दाखवा आणि दुकानातल्या मुलाला नाही, फार्मासिस्टला विचारा. तो तुमचा हक्क आहे.

शेवटचा प्रश्न सलाईनचा. इकडे गावोगाव असा समज आहे की सुई टोचल्याशिवाय गुण येत नाही. तो समज आला कुठून हे मला समजतं. शिरेतून दिलेलं औषध सगळंच्या सगळं रक्तात जातं आणि लगेच जातं. तोंडावाटे दिलेल्याला जठर, आतडं आणि मग यकृत ओलांडून जावं लागतं, त्यात काही भाग खर्ची पडतो. छातीत कळ आल्यावर जी नायट्रेटची गोळी जिभेखाली ठेवतात ती याचसाठी: जिभेखालून औषध यकृताला टाळून सरळ रक्तात मिळतं. इन्सुलिन गोळीतून देता येत नाही, कारण ते प्रथिन आहे आणि पोटात पचून जातं. दम्याचं सालब्युटामॉल गोळीतून द्यायचं तर २ ते ४ मिलिग्रॅम लागतं. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.१ मिलिग्रॅम असतं आणि एक-दोन दाब पुरतात, कारण ते थेट फुप्फुसात पडतं. पंपाला घाबरून गोळ्यांवर राहणारी माणसं रोज भेटतात, त्यांना मी हाच हिशेब सांगते. म्हणजे औषध कुठल्या वाटेने द्यायचं हे त्या औषधावर आणि त्या वेळच्या गरजेवर ठरतं. सुई सगळ्यात भारी आणि गोळी हलकी, अशी त्यात उतरंड नाही.

आता आबांना सलाईन लावली तर काय जाईल? नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, आणि इथे बीपीच्या रुग्णाला जवळजवळ तेवढं एका बाटलीत. ग्लुकोजची पाच टक्क्यांची बाटली घेतली तर २५ ग्रॅम ग्लुकोज, तेही शुगरच्या रुग्णाच्या शिरेत. आणि ताकद म्हणाल तर एका भाकरीपेक्षा कमी. फिट, बीपी, कोलेस्टेरॉल, प्रोस्टेट यातलं एकही काम ती बाटली करत नाही. अंग दुखतं म्हणून डायक्लोफिनॅकची सुई देऊ कुणी म्हणालं तर झटका येऊन गेला आहे हे आधी सांगा, अशा माणसाला ते औषध टाळायचं असतं. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल, गिळणं पूर्ण थांबलं असेल, फिट आवरत नसेल, तेव्हा सलाईन आणि इंजेक्शन लागतंच, आणि ते दवाखान्यातच.

डॉक्टरांकडे जाताना सातही स्ट्रिपा, उरलेल्या पुड्या, शुगर-बीपीची वही आणि फिट आलेल्या तारखा-वेळा बरोबर न्या. पुड्या मुद्दाम न्या. आजवर औषध कसं दिलं जात होतं हे डॉक्टरांना ठाऊक नसेल तर डोस ठरवताना त्यांचा अंदाज चुकेल. कुटल्यामुळे काही औषधं आजवर कमी मिळत होती, काही एकदम. आता अख्खी गोळी नीट पोहोचू लागली की शुगर, बीपी, झोप यात फरक पडू शकतो, म्हणून पहिले पंधरा दिवस बीपी आणि शुगर जास्त वेळा मोजा.

आणि भेट मिळेपर्यंतचं. आबांना दाट दह्यातून अख्खी गोळी गिळता येते का, ते ताठ बसवून ॲटोरव्हास्टॅटिनच्या एका छोट्या गोळीने पाहा. ठसका लागला तर लगेच थांबा, जबरदस्ती करू नका. जमलं नाही तर प्रोस्टेटची गोळी आणि पॅन्टोप्रॅझोल एक-दोन दिवस राहिली तरी आभाळ कोसळत नाही, डॉक्टरांना फोनवर विचारून थांबवा. ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने थांबवू नका, आणि तिच्या जागी डोकेदुखीची विरघळणारी ॲस्पिरिनही देऊ नका, तिची मात्रा चौपटीहून जास्त असते. फिटचं औषध एक दिवसही चुकवायचं नाही. ते अचानक बंद झालं तर फिट एकामागून एक येऊ शकतात. सीआर गोळी अख्खी जात नसेल तर भेटीची वाट पाहू नका, उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करून सिरपचा डोस लिहून घ्या. सिरप आणल्यावर ते घरातल्या चमच्याने देऊ नका, बाटलीसोबतच्या मापाने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने मोजून द्या.